बघ्यांचे कर्ते कसे झाले

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगावातून पूर्वेकडे खोडदच्या रस्त्याला लागलं, की शेतांच्या वर तारेच्या जाळीच्या अवाढव्य थाळ्या दिसू लागतात. एकेक थाळी 45 मीटर व्यासाची, आणि अशा 30. त्यांतल्या 14 खोडदजवळच्या एका आवारात आहेत. बाकीच्या 16 तीन दिशांना फुटलेल्या फाट्यांवर, आसपासच्या गावांच्या शिवारांत उभ्या आहेत. सगळा पसारा 25 किलोमीटरचा. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप हे या रेडिओ दुर्बिणीचं कागदोपत्री नाव, शास्त्रज्ञ जीएमआरटी म्हणतात. आवारात शिरण्याआधी मोबाइल बंद करायला सांगतात, कारण कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारी रेडिओ लहर इतकी क्षीण असते की खिशातला फोन तिच्यापुढे धिंगाणाच घालतो. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची आखणीसुद्धा या दुर्बिणीपायी बदलायची वेळ आली आणि त्यावरून तालुक्यात नाराजीही झाली.

गंमत अशी की जिथे फोन चालत नाही, तिथल्या नोंदी गेली काही वर्षं देशभरची मंडळी घरबसल्या, चक्क फेसबुकवर, चाळत आहेत. त्यांतले बरेचसे व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ नाहीत. वेब हे नुसतं वाचायचं साधन होतं, ते हातभार लावायचं साधन कसं झालं, याची गोष्ट सहसा अमेरिकेतल्या कंपन्यांच्या नावांनी सांगितली जाते. ती खोडदच्या बाजूनेही सांगता येते, आणि तशी सांगितली तर तिचा वेगळाच पैलू दिसतो.

सुरुवात मात्र जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत करावी लागते. टिम बर्नर्स-ली यांनी 1990 च्या अखेरीस वेबचा पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा त्यात पान वाचता येत होतं आणि तिथल्या तिथे बदलताही येत होतं. ब्राउझर आणि संपादनाचं साधन एकच. शास्त्रज्ञांनी एकमेकांच्या टिपणांत भर घालावी, दुवे जोडावेत, ही मूळ कल्पना. म्हणजे सहभाग ही नंतर सुचलेली सुधारणा नव्हती, ती जन्मापासून होती. 1993 मध्ये मोझेक हा ब्राउझर आला, वेब घराघरांत पोचवण्याचं श्रेय त्याचंच. पण त्यात लिहिण्याची सोय नव्हती. लोकांना वेब ठाऊक झालं ते या रूपात. एकाने पान बांधायचं, बाकीच्यांनी पाहायचं.

भारतात व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते याच अवस्थेत. टेलिफोनच्या तारेवरून किणकिणत जोडणी व्हायची आणि संस्थेचं एखादं पान उघडायचं: वर बोधचिन्ह, मध्ये संचालकांचा संदेश, खाली पत्ता आणि फॅक्स क्रमांक. मराठी वाचकाची अडचण तर दुहेरी. वर्तमानपत्रांनी आपापली पानं वेबवर आणली, पण प्रत्येकाचा फॉन्ट निराळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. वाचायचीच मारामार, तिथे उलट उत्तर मराठीत टंकणार कसं? देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून होती, तरी ती घरच्या संगणकावर सहज दिसू आणि उमटू लागायला नवं शतक उजाडावं लागलं.

हा एकतर्फीपणा किती विचित्र होता, ते नारायणगावकरांना वेगळं सांगायला नको. हे तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. इथे हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीचे लोक सुपारी द्यायला येतात. तमाशाचा प्रेक्षक गप्प बसत नाही. तो शिट्टी मारतो, फेटा उडवतो, वन्समोअर देतो, बतावणीत सोंगाड्याला मधूनच टोकतो, आणि त्या टोकण्यावर पुढची कोटी रंगते. पहिल्या दशकातलं वेब म्हणजे प्रेक्षकाच्या तोंडावर पट्टी बांधून लावलेला फड होता.

विज्ञानाच्या जगातही तेव्हा काही वेगळं नव्हतं. डॉ. गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेली आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआरच्या) पुण्यातल्या केंद्राने, उभारलेली ही दुर्बीण 1990 च्या दशकात आकाराला आली. सपाट पत्र्याऐवजी पोलादी तारांची विरळ जाळी दोरखंडांच्या सांगाड्यावर ताणून बसवायची, म्हणजे वारा आरपार जातो, वजन घटतं आणि खर्चही, ही स्वरूप यांची युक्ती. जागा निवडताना आजूबाजूचे डोंगर उपयोगी पडले. शहरांचा रेडिओ कोलाहल ते अडवतात. 2002 पासून ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी खुली आहे. पण खुली म्हणजे कशी? आधी प्रस्ताव लिहायचा, समितीने तो तपासायचा, वेळ मिळाला तर निरीक्षण करायचं. मिळालेल्या नोंदी दीड वर्ष त्याच गटाकडे राखीव, मग त्या संग्रहातून इतरांना मिळणार. नियम रास्तच होते. ज्याने मेहनत केली त्याला पहिला घास मिळायला हवा.

खरी अडचण नियमांत नव्हतीच. रेडिओ दुर्बिणीला डोळा लावून काहीच दिसत नाही. तीस थाळ्यांवर पडलेल्या लहरी प्रकाशतंतूंच्या केबलमधून मधल्या इमारतीत येतात, तिथे प्रत्येक जोडीच्या लहरींचा एकमेकींशी मेळ घातला जातो आणि हाती लागतात आकड्यांचे डोंगर. त्यांतून विजेच्या तारा, मोबाइल मनोरे, उपग्रह यांची लुडबुड गाळायची, वातावरणाच्या वरच्या थरांनी केलेला वाकडेपणा दुरुस्त करायचा, आणि मग कुठे आकाशाचं चित्र तयार होतं. हे शिकायला पीएचडीची पहिली एक-दोन वर्षं जातात. संग्रहाचं दार सताड उघडं ठेवलं असतं तरी आत शिरून काय करायचं, हे दारातल्या माणसाला कळलं नसतं.

मग लोकांना विज्ञानात घ्यायचं कसं? पहिलं उत्तर आलं 17 मे 1999 रोजी, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून. सेटी अ‍ॅट होम. आरेसिबोच्या दुर्बिणीच्या नोंदींचे बारीक तुकडे इंटरनेटवरून लोकांच्या घरी जायचे, आणि संगणक रिकामा पडला की पडद्यावर रंगीत आलेख नाचवत त्यांत परग्रहावरचा संदेश शोधायचा. लाखो लोक सामील झाले. संदेश सापडला नाही ते सोडा. पण यात भाग कोणी घेतला? संगणकाने. मालक तेव्हा झोपलेला असायचा. त्याच्या वीजबिलाची गरज होती, डोक्याची नव्हती.

दरम्यान वेबवर वारं फिरलं. जानेवारी 2001 मध्ये विकिपीडिया आला, 1 मे 2003 रोजी, नेमका महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया. परदेशांत पांगलेल्या मराठी माणसांनी मायबोली या संकेतस्थळावर 1996 पासूनच गप्पांचा फड जमवला होता. 2004 मध्ये मनोगत निघालं, तिथे देवनागरीत लिहिण्याची सोय पानातच होती. गमभनसारख्या साधनांनी रोमन कळफलकावरून मराठी उमटवायचं काम इतकं सोपं केलं की शुद्धलेखनाची भांडणंसुद्धा ऑनलाइन होऊ लागली. भाषा जिवंत असल्याचं याहून चांगलं लक्षण नाही. ऑक्टोबर 2004 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका परिषदेने या सगळ्याला 'वेब 2.0' हे नाव चिकटवलं, आणि डिसेंबर 2006 मध्ये टाइम साप्ताहिकाने वर्षातली व्यक्ती म्हणून 'तुम्ही' असं जाहीर केलं. नावात विक्रेत्याचा उत्साह जास्त होता. घडलं होतं ते एवढंच, की बर्नर्स-लींच्या पहिल्या ब्राउझरमध्ये असलेली आणि मधल्या काळात हरवलेली लिहिण्याची पेटी परत आली होती.

पुण्यातही हालचाल होती. आयुका ही खगोलशास्त्र संस्था आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून त्याच दशकात व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया हा प्रकल्प चालवला. जगभरच्या दुर्बिणींच्या नोंदी एका साच्यात याव्यात, ब्राउझरमधून पाहता याव्यात, त्यांचे आलेख काढता यावेत, यासाठी त्यांनी साधनं बनवली. व्हीओप्लॉट हे त्यांतलं एक. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरलं नाही. पाया कधी भरत नाही.

जुलै 2007 मध्ये ऑक्सफर्डहून गॅलेक्सी झू सुरू झालं. स्लोन या आकाश सर्वेक्षणात सुमारे नऊ लाख दीर्घिकांची छायाचित्रं जमली होती. केविन शाविन्स्की या तरुण संशोधकाने एकट्याने 50 हजार चाळली होती आणि तो मेटाकुटीला आला होता. दीर्घिका सर्पिलाकार की लंबगोल, हे ओळखण्यात त्या काळचा संगणक चुकायचा, माणसाचा डोळा सहसा चुकत नाही. मग चित्र आणि बटणं वेबवर टाकून दिली. पहिल्या वर्षात दीड लाखाहून जास्त लोकांनी पाच कोटी वेळा निवाडा दिला.

पण या प्रकल्पातली सगळ्यात गाजलेली गोष्ट बटण दाबून सापडली नाही. हॅनी व्हॅन आर्केल ही नेदरलँड्समधली शाळामास्तरीण. एका दीर्घिकेशेजारी तिला निळसर ढगासारखं काहीतरी दिसलं. सर्पिल, लंबगोल, कुठल्याच बटणात ते बसेना. तिने प्रकल्पाच्या चर्चेत सरळ विचारलं, हे काय आहे? शास्त्रज्ञांनाही माहीत नव्हतं. जवळच्या दीर्घिकेतल्या एके काळी धगधगणाऱ्या कृष्णविवराच्या प्रकाशाने उजळलेला तो वायू निघाला, आणि तो आज तिच्या नावाने ओळखला जातो. हिरवट ठिपक्यांसारख्या छोट्या, झपाट्याने तारे घडवणाऱ्या दीर्घिकाही अशाच, सहभागी लोकांच्या आपापसांतल्या चर्चेतून पुढे आल्या. बटणाने मोजणी होते. शोध लागतो तो प्रश्न विचारायची मुभा असते तिथे.

आता पुन्हा खोडदला यायला हरकत नाही. 2010 ते 2012 या काळात जीएमआरटीने एक मोठं काम हातावेगळं केलं: 150 मेगाहर्ट्झ या कमी वारंवारतेवर, दिसेल तेवढ्या सगळ्या आकाशाची पाहणी. टीआयएफआर जीएमआरटी स्काय सर्व्हे, थोडक्यात टीजीएसएस. सुमारे दोन हजार तासांची निरीक्षणं, आणि आकाशाचा जवळपास 90 टक्के भाग. निर्णायक गोष्ट पुढची. नोंदी राखीव न ठेवता, आकड्यांच्या डोंगरातून तयार चित्रं काढून ती टप्प्याटप्प्याने वेबवर ठेवण्यात आली. पुढे 2016 मध्ये हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी त्याच नोंदी नव्या पद्धतीने पुन्हा धुऊन काढल्या आणि 6 लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. जे काम शिकायला पीएचडीची एक-दोन वर्षं जात, ते झालेलं होतं. आता डोळे असलेला कोणीही पाहू शकत होता.

हे खगोलशास्त्रज्ञ डॉ. आनंद होता यांनी हेरलं. मूळचे ओडिशाचे, पीएचडी जीएमआरटी उभारणाऱ्या पुण्याच्या केंद्रातली. 2011 मध्ये त्यांच्या गटाने 'स्पेका' नावाची चमत्कारिक दीर्घिका जाहीर केली होती. दीर्घिकेच्या मध्यभागी असलेलं कृष्णविवर कधीकधी दोन्ही बाजूंना पदार्थाचे प्रचंड झोत फेकतं आणि त्यांचे ढग फक्त रेडिओ लहरींत दिसतात. असे मोठे झोत बहुधा लंबगोल दीर्घिकांतून निघतात. स्पेका निघाली सर्पिल, आणि तिने हे झोत एकाहून अधिक वेळा फेकले होते. ही वस्तू सार्वजनिक सर्वेक्षणांच्या चित्रांत कित्येक वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती. कोणी पाहिली नव्हती इतकंच. खगोलशास्त्रज्ञांची संख्या कमी आणि आकाश मोठं.

15 एप्रिल 2013 रोजी डॉ. होता यांनी 'रॅड अ‍ॅट होम' सुरू केलं. संगणकांची खोली नाही, अनुदान नाही. फेसबुकवर एक गट काढला. विज्ञान किंवा अभियांत्रिकीचं पदवीचं शिक्षण घेणारा किंवा घेतलेला कोणीही यावा. नोकरी करणारे, बाळंतपणानंतर संशोधन सुटलेल्या, लहान गावातल्या महाविद्यालयात प्रयोगशाळेवाचून अडलेले, अशांना दार खुलं. आधी शिकायचं, मग शोधायचं. एकाच जागेची दृश्य प्रकाशातली, अवरक्त, अतिनील आणि रेडिओतली चित्रं मोफत संग्रहांतून उतरवून घ्यायची, ती लाल, हिरवा, निळा अशा रंगांत एकमेकींवर चढवायची आणि पाहायचं: हा रेडिओ ढग नेमका कुठल्या दीर्घिकेचा? दोन्हीकडे सारखा का नाही? वाकडा का? काही वेगळं दिसलं की चित्र गटात टाकायचं, मग त्यावर वाद. मधूनमधून आठवडाभराची शिबिरं भरत, तिथे संगणकासमोर प्रत्यक्ष शिकवणी होई.

गॅलेक्सी झूपेक्षा हे वेगळं होतं आणि धाडसाचंही. तिथे एका वर्षात दीड लाख लोक आले, कारण त्यांना काही शिकावं लागत नव्हतं. इथे गर्दी होणं शक्यच नव्हतं. पण इथे माणसाकडून टिचकी मागितली जात नव्हती, मत मागितलं जात होतं, आणि ते खोडून काढलं जाण्याचीही तयारी ठेवावी लागत होती. जे शोध पक्के वाटले त्यांच्यासाठी रीतसर प्रस्ताव लिहून जीएमआरटीचा वेळ मागण्यात आला, आणि तो मिळाला. घरी बसलेल्या माणसाने बोट दाखवावं आणि नारायणगावजवळच्या शिवारातल्या तीस थाळ्यांनी तिकडे माना वळवाव्यात, हे वेब 2.0 च्या कुठल्याही व्याख्येत बसलं नसतं.

यातलं ठळक फळ म्हणजे रॅड-12. जवळपास एक अब्ज प्रकाशवर्षांवर दोन दीर्घिका एकमेकींत मिसळत आहेत. त्यांतल्या एकीच्या झोतात काहीतरी विचित्र असल्याचं 2013 मध्येच नजरेस आलं होतं. जीएमआरटीने नीट पाहिल्यावर कळलं की झोत दोन्हीकडे नाहीच. तो एकाच बाजूला जातो, सरळ शेजारच्या दीर्घिकेकडे, आणि तिथे अळिंबीच्या टोपीसारखा पसरतो. देठापासून टोपीपर्यंत सारी रचना 4 लाख 40 हजार प्रकाशवर्षं लांब, मूळ दीर्घिकेहून कितीतरी मोठी. कृष्णविवराचा झोत शेजारणीवर आदळताना काय करतो, याचं इतकं उघड उदाहरण विरळाच. ऑक्टोबर 2022 मध्ये हे संशोधन रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पहिल्या नजरेपासून शोधनिबंधापर्यंत नऊ वर्षं लागली. समाजमाध्यमांवर सारं नऊ मिनिटांत जुनं होणाऱ्या जगात हा वेगही लक्षात ठेवण्यासारखा.

अर्थात सगळं आलबेल आहे असं नाही. पहिली गोष्ट जागेची. इतकी वर्षं चाललेलं हे विज्ञान वाढलं ते परक्या कंपनीच्या अंगणात. याहूने जिओसिटीज 2009 मध्ये बंद केलं, तेव्हा दीड दशकात लोकांनी हौसेने बांधलेली लाखो पानं गेली. गूगलने 30 सप्टेंबर 2014 रोजी ऑर्कुट मिटवलं, तेव्हा त्यात कितीतरी मराठी मंडळांच्या चर्चा मिटल्या. फेसबुकवरच्या गटातली कुठली नोंद कोणाला दिसावी, हे कंपनीचं गणित ठरवतं. दुर्मीळ दीर्घिकेचं चित्र आणि लग्नाचा वाढदिवस यांत त्या गणिताला फरक करता येत नाही. सहभागाचं वेब म्हणून जे आपण साजरं केलं, त्याचा सातबारा बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच नावावर निघाला. खोडदच्या चित्रांचं नशीब बरं, की मूळ प्रती सार्वजनिक संग्रहांत आहेत आणि फेसबुकवर आहे ती फक्त चर्चा.

दुसरी गोष्ट भाषेची. सर्वेक्षणाची पानं इंग्रजीत, शोधनिबंध इंग्रजीत. दरवर्षी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, जीएमआरटीचं आवार लोकांसाठी उघडतं, तेव्हा शाळकरी पोरं आपापले प्रयोग घेऊन येतात आणि हजारो माणसं गर्दी करतात. त्या गर्दीतली भाषा मराठी असते. फेसबुकवरचा गट आणि ही गर्दी यांच्यामध्ये अजून पूल नाही. तो तांत्रिक अडचणीमुळे अडलेला नाही; शेतमालाच्या भावापासून फवारणीच्या मात्रेपर्यंत सगळं याच भागातले शेतकरी व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत बोलतात.

रॅड अ‍ॅट होमचं काम दरम्यान खोडदच्या पलीकडे गेलं आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये या गटाने, युरोपातल्या लोफार दुर्बिणीच्या नोंदी चाळून, एकमेकींना छेदणारी दोन अवाढव्य रेडिओ कडी जाहीर केली. या जातीची कडी पहिल्यांदा दिसली तीच 2019 मध्ये. इतकी दूरची आणि इतकी प्रखर अशी कडी त्याआधी कोणाला सापडली नव्हती, आणि ती ओळखली डोळ्यांनी, यंत्राने नाही. खोडदच्या चित्रांवर शिकलेल्या नजरेने लोफारच्या संग्रहातून हे काढलं.

टीजीएसएसची चित्रं आजही कोणत्याही ब्राउझरमधून, पैसे आणि परवानगी दोन्हींवाचून, उघडतात. नारायणगावात ग्रामोन्नती मंडळाचं महाविद्यालय आहे, जुन्नर, मंचर, घोडेगावातही महाविद्यालयं आहेत. तिथल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी पुढच्या सत्रात एक तास यासाठी काढावा आणि मुलांना आपल्याच शिवारातल्या दुर्बिणीने टिपलेलं आकाश उघडून दाखवावं. खोडदच्या आवारात नव्हे, वर्गात. तिथे फोन चालू ठेवायला कोणाची ना नाही.